घोळ, नायटी आणि एक कासव

आत्याने परसातून उपटून आणलेली जुडी मी वर्तमानपत्रावर पसरली. लालसर देठ, जमिनीलगत पसरणारी वाढ, बारीक हिरवी पाने. "घोळ आहे रे, दे त्याला," आत्या म्हणाली. ती चौऱ्याऐंशी वर्षांची. घोळीची ताकातली भाजी तिने उभ्या जन्मात किती वेळा केली असेल, त्याची गणती नाही. तिच्या शब्दावर मी जुडी तशीच कासवापुढे टाकणार होतो. टाकता टाकता एक काडी मोडली आणि मोडल्या जागी पांढऱ्या चिकाचा थेंब आला.

घोळीला चीक नसतो. जुडी निवडायला बसलो तेव्हा निम्मी घोळ निघाली आणि निम्मी नायटी. दोन्ही एकाच फरशीच्या फटीतून, एकमेकींत हातपाय गुंतवून वाढलेल्या. आत्याच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे, तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. मला दिसत असूनही कळले नव्हते, हे जास्त खरे.

मी वनस्पतिशास्त्र शिकलेलो नाही. बँकेत सव्वीस वर्षे नोकरी केली, स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि पुण्याच्या आसपासच्या गावांची नावे झाडांवरून कशी पडली याचा नाद लागला. त्या नादात वनस्पतींची नावे पुष्कळ जमवली. पण नाव जमवणे आणि वनस्पती ओळखणे या दोन गोष्टींत किती अंतर आहे, ते त्या चिकाच्या थेंबाने दाखवले. पुढचे दोन आठवडे मी सहकारनगरातल्या आमच्या परसात गुडघे टेकून काढले. त्यातून जे हाती आले ते इथे मांडतो.

आधी कासवाविषयी. ते स्टार कासव आहे. काळपट पाठीवर प्रत्येक खवल्याच्या मध्यापासून पिवळ्या रेघा फुटतात आणि चांदण्यांची नक्षी दिसते. शास्त्रीय नाव जिओकेलोनी एलेगन्स. १९९८ साली दक्षिणेतून आलेल्या एका स्नेह्यांनी ते आत्याला आणून दिले. देवळात गाभाऱ्यासमोर कासव असते, मग घरात का नको, एवढाच विचार. आत्याने त्याचे नाव गोट्या ठेवले. पंचवीस वर्षे गोट्या पोळी, कोबी, काकडी आणि सणावारी केळे यांवर राहिला.

या जातीचे मूळ घर पुणे नव्हेच. गुजरात-राजस्थान आणि लगतचा पाकिस्तानातला भाग, दक्षिणेत तमिळनाडू, आंध्र, कर्नाटकातली कोरडी माळराने, आणि श्रीलंका. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते घरात पाळता येत नाही. आणून दिलेले, सापडलेले, वारशाने आलेले, कसेही असो. आम्हाला हे माहीत नव्हते असे म्हणणे सोपे आहे. निदान माझ्यापुरते ते खोटे ठरेल. ऑगस्ट २०१९मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत या कासवाला व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीत, साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात घातले गेले. ती बातमी मी वाचली होती, कात्रणही ठेवले होते. चोरट्या व्यापारात पकडल्या जाणाऱ्या कासवांत ही जात जगात फार वर आहे, हेही त्यात होते. तरी चार वर्षे मी गप्प बसलो. आत्याला कसे सांगायचे, हे एक कारण. दुसरे कारण भीती.

२०२३च्या पावसाळ्याच्या तोंडावर गोट्याच्या कवचाची मागची कड बोटाने दाबली की किंचित दबते, असे लक्षात आले. ज्या पशुवैद्यांना विचारले त्यांनी स्पष्ट सांगितले, "मला याच्यावर उपचार करण्याआधी तुम्हाला वनखात्याला कळवावं लागेल." मी १९२६ला फोन लावला. रीतसर अर्ज झाला, उपचार केंद्रात जागा होईपर्यंत थांबायला सांगितले गेले. ते चौदा दिवस. पोळी-कोबी त्याच दिवशी बंद केली. मग खायला काय घालायचे? उत्तर परसातच होते, पण तिथे चाळीस-पन्नास प्रकारचे तण होते आणि त्यांतले मला खात्रीने ओळखता येत होते सातआठ.

हे कासव निसर्गात काय खाते? मुख्यतः गवत आणि जमिनीलगतच्या पालेभाज्यांसारख्या वनस्पती. कधी पडलेले फळ, फूल, निवडुंगासारखे मांसल पान. चुकूनमाकून किडा किंवा मेलेले काहीबाही. त्याचे आतडे तंतुमय चाऱ्यासाठी बनलेले आहे. मोठ्या आतड्यातले सूक्ष्मजीव तो चारा सावकाश आंबवतात, आणि त्यातून त्याला शक्ती मिळते. काकडीत पाणीच जास्त आणि तंतू कमी. पोळीत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त, आणि कासवाला हवे नेमके उलटे: फॉस्फरसच्या निदान दुप्पट कॅल्शियम. ते मिळाले नाही की शरीर ते हाडांतून आणि कवचातून काढून घेते. कवच म्हणजे काही पाठीवर ठेवलेले झाकण नव्हे. त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणाच त्यात मिसळलेला असतो. शिवाय कॅल्शियम अंगी लागायला उन्हातली अतिनील किरणे लागतात. गोट्या जिन्याखाली राहायचा.

कवचावर डोंगरासारखे उंचवटे येतात ते मात्र केवळ आहाराने नव्हे. व्हिएन्नातल्या दोन संशोधकांनी आफ्रिकन जातीच्या पिल्लांवर केलेला प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यांना प्रथिनांपेक्षा हवेतला दमटपणा महत्त्वाचा आढळला, कोरड्या हवेत वाढलेल्यांना उंचवटे जास्त आले. स्टार कासवाला रानातही थोडे उंचवटे असतातच. हे वाचून मला थोडे हायसे वाटले होते, तसे वाटायला नको होते.

आता तण. पहिली गोष्ट, नावावर विसंबू नये. घेटुळीचेच बघा. आमच्या कामाच्या मावशी वेल्ह्याकडच्या. त्या घेटुळी म्हणून जे दाखवतात ती पुनर्नवा, बोऱ्हाव्हिया. बाजारात आणि काही पुस्तकांत पांढरी पुनर्नवा किंवा विषखापरा म्हणून जी येते ती वेगळ्याच कुळातली, ट्रायंथेमा. दोन्ही जमिनीवर पसरतात, दोन्हींच्या पानांच्या जोडीत एक पान मोठे आणि एक लहान. नुसती पाने पाहून मी तीनदा फसलो. फूल आले की प्रश्न सुटतो. पुनर्नवेची बारीक गुलाबी फुले पानांपासून दूर, लांब काड्यांवर येतात आणि त्यांची चिकट फळे कपड्यांना लागतात. ट्रायंथेमाचे फूल एकटे, पानाच्या बेचक्यात, जणू खिशात घातल्यासारखे बसलेले असते. ट्रायंथेमात ऑक्झॅलेट भरपूर, आणि ज्याचे कवच दबते आहे त्याला ते नको. ऑक्झॅलेट कॅल्शियमला पकडून ठेवते आणि अंगी लागू देत नाही.

नावांची ही गुंतागुंत जुनी आहे. थिओडोर कुक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. निवृत्तीनंतर इंग्लंडात क्यू येथे बसून त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला, तो १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने निघाला. त्यात शास्त्रीय वर्णनाबरोबर देशी नावेही दिलेली आहेत. मला या ग्रंथाने एक शिस्त लावली. कुक आधी पाने समोरासमोर की एकाआड एक ते सांगतात, मग देठ, लव, फूल, फळ, आणि नाव सगळ्यात शेवटी. आपण नेमके उलट करतो. आधी नाव ठरवतो, मग वनस्पतीत त्याच्या खुणा शोधतो, आणि शोधणाऱ्याला त्या सापडतातच.

तेव्हा चिकाची चाचणी. घोळीचे देठ गुळगुळीत, मांसल, आतून पाणीदार. पान चमच्यासारखे, टोकाशी रुंद. फूल पिवळे, ऊन चढताना उमलणारे. मोडले तर चीक येत नाही. तिची धाकटी बहीण चिवळ, हिची पाने अगदी बारीक आणि सांध्यावर पांढरे केस. नायटीचे देठ तारेसारखे बारीक, पाने समोरासमोर, मोडताच पांढरा चीक. नायट्यावर तो चीक लावतात, त्यावरूनच नाव पडले असावे. हे युफोर्बियाचे कूळ, शेर आणि त्रिधारी निवडुंगाचे. त्यांचा चीक कातडीला आणि तोंडाला दाह करणारा. एवढे कळल्यावर मी आनंदाने वहीत लिहिले: "चीक आला की टाकून द्यावे."

दुसऱ्याच दिवशी मावशींनी ते मोडीत काढले. त्या पाथरी घेऊन आल्या. पाथरी मोडली, भळभळून चीक. मी म्हणालो, "मावशी, हे चालणार नाही." त्या हसल्या. "दादा, पाथरी आम्ही कच्ची खातो भाकरीसंगं. कासवाला काय धाड भरलीय?" त्यांचे बरोबर होते. पाथरी म्हणजे लॉनिया, सूर्यफुलाच्या कुळातली. जमिनीला चिकटलेला पानांचा झुपका, पानांच्या कडा दातेरी, सकाळी उमलणारे पिवळे फूल आणि मग उडणारी पांढरी म्हातारी. चीक कडवट, पण दाहक नव्हे. जगभर कासवे पाळणारे लोक डँडेलियन नावाचे जे तण पहिल्या पसंतीने घालतात, ते याच कुळातले, तसेच चिकाचे. म्हणून नियम असा सुधारावा लागला: चीक आला तर थांबावे आणि पाने बघावीत. समोरासमोर पाने, सांध्यावर इवल्या घोसांत न दिसणारी फुले, तर युफोर्बिया, टाकून द्यावे. तळाशी झुपका, पिवळे फूल, म्हातारी, तर पाथरी. यांपैकी काहीच दिसत नसेल तर ते अनोळखी तण, आणि अनोळखी ते टाकाऊ. रुईही चिकाचीच, समोरासमोर पानांची आणि विषारी. पण रुई न ओळखणारा माणूस निदान आपल्याकडे नसावा.

मावशींचे बरोबर होते म्हणून त्यांचा सगळा युक्तिवाद बरोबर नव्हता. माणूस खातो ते कासवाला चालते, असे नाही. रानभाज्यांवरची आपली सगळी विद्या चुलीवर उभी आहे. अळूला चिंच लागते, नाहीतर घसा खवखवतो. शेवळांना काकडं लागतात. टाकळा आपण उकडून, पिळून मग फोडणीला टाकतो. कासवापुढे यातले काहीही कच्चेच जाणार. म्हणून रानभाजीची यादी जशीच्या तशी उचलणे धोक्याचे. टाकळा मी वगळला. माठ, काटेमाठ, तांदुळजा यांना ऑक्झॅलेटमुळे अगदी थोडी जागा. घोळीलाही तीच. म्हणजे ज्या घोळीवरून सगळे सुरू झाले, ती ओळखू आल्यावरही गोट्याला चार पानेच मिळाली. आंबुशीचे तर नावच सांगते. बदामाच्या आकाराची तीन-तीन पाने, पिवळे फूल, आंबट चव. तो आंबटपणा ऑक्झॅलेटचाच.

खरा आधार मिळाला तो केन्याचा. मला हे तण अतिशय आवडते. निळे, एका सकाळीपुरते टिकणारे फूल, गवतासारख्या समांतर शिरांची पण रुंद पाने, आणि पान देठाला जिथे वेढते तिथे तांबूस केसांची झालर. ही झालर पाहिली की केना ओळखण्यात चूक होणे कठीण. याची भजी आपण करतो. माळ्यांना तो नकोसा असतो कारण कितीही उपटला तरी परत येतो. त्याचे कारण, हा केना जमिनीखालीसुद्धा फुले धरतो, न उमलता तिथेच बी करतो. गोट्याने पंचवीस वर्षांत प्रथमच केना पाहिला असेल. दोन मिनिटे त्याने नुसता वास घेतला, मग डोके आत घेतले, मग पुन्हा बाहेर काढून जो खायला लागला तो आत्या बघतच राहिली. "कोबीला कधी असा धावला नाही," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

केन्याबरोबर हरळी. गणपतीसाठी दूर्वा निवडणाऱ्या पुणेकराला हरळी शिकवायची गरज नाही. तंतू हवेत तर गवतच हवे, आणि रोजच्या वाढ्यात निम्म्याहून जास्त तेच हवे. शिवाय जास्वंदीची फुले आणि पाने, पुनर्नवेचे शेंडे, एकदांडी.

एकदांडीपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण तिच्या शेजारीच गाजरगवत उगवते. एकदांडीच्या एका लांब दांडीवर एकच फूल: मध्ये पिवळे, कडेला टोकाशी तीन दाते असलेल्या पांढुरक्या पाकळ्या. पाने समोरासमोर, खरखरीत. गाजरगवताची पाने गाजरासारखी चिरलेली आणि वरच्या भागात एकाआड एक. फुले मिरीएवढी, पांढरी, फांद्याफांद्यांवर विखुरलेली. त्याला आपल्याकडे चटकचांदणी म्हणतात. पाठीवर चांदण्या घेऊन फिरणाऱ्या कासवाच्या ताटात ही चांदणी मात्र येता कामा नये. त्यातले पार्थेनिन हे द्रव्य माणसाच्या कातडीला चट्टे उठवते आणि जनावरांनाही बाधते.

भारतात गाजरगवताकडे प्रथम लक्ष गेले ते पुण्यातच, १९५५ साली, उकिरड्यावर उगवलेल्या रोपांमुळे. पुढच्या वर्षी बोटॅनिकल सर्व्हेच्या राव यांनी त्याची नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पीएल-४८०च्या अमेरिकन गव्हातून ते आले, असे आपण सगळेच ऐकत आलो. पण त्या योजनेखालचा भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६चा. रोपे त्याआधी उगवलेली. त्यापूर्वी १९५१ सालीही अमेरिकेतून मदतीचा गहू आला होता, त्यातून आले असेल. पण 'पीएल-४८०ची देणगी' हे वाक्य तारखा न पाहता वापरले जाते. असो, हा माझा जुना रोग आहे.

तीन झाडांपासून तर शंभर हात दूर राहावे: घाणेरी, धोतरा आणि ओसाडी. पहिली दोन सर्वांना ठाऊक आहेत. ओसाडी मऊ, गोजिरी, फिकट जांभळ्या गोंड्यांची असते म्हणून फसवते. तिच्यातली अल्कलॉइडे यकृत हळूहळू निकामी करतात. आज खाल्ले आणि आज काही झाले नाही, याला इथे काहीही अर्थ नाही. परसात पिवळी कण्हेर असेल तर तिची गळलेली फुले आणि पाने रोज वेचावीत. तण नव्हे म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते.

आणि ओळख बरोबर असूनही चुकू शकते, ती जागेमुळे. नवव्या दिवशी मी कुंपणालगतचा हिरवागार केना तोडत होतो. पलीकडच्या बंगल्याचा पुनर्विकास चालला आहे. तिथला रखवालदार म्हणाला, "साहेब, काल औषध मारलंय तिकडं." तणनाशक मारल्यावर तण लगेच पिवळे पडत नाही, काही दिवस अगदी ताजे दिसते. त्यानंतर कुंपणापासून पंधरा फुटांच्या आतले, रस्त्याकडेचे आणि कुत्री फिरतात तिथले मी काहीही घेतले नाही. आमचा परस आधीच लहान. तोही किती दिवसांचा, सांगवत नाही. आमच्या सोसायटीतही बैठका सुरू झाल्या आहेत.

ज्या दोन तणांचा उलगडा झाला नाही ती वर्तमानपत्रात दाबून कोरेगाव रोडच्या बोटॅनिकल सर्व्हेत नेली आणि तिथल्या जुन्या, कागदावर शिवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहिली. एकाचा निकाल लागला, दुसऱ्याला फूल नव्हते. बिनफुलाचे ते तण वहीत आजही प्रश्नचिन्हासह आहे. गोट्याला ते दिले नाही.

चौदाव्या दिवशी आत्या स्वतः आली केंद्रात. टोपलीत केना अंथरून त्यावर गोट्याला बसवले होते. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी त्याला उलटे न करता, अलगद वर उचलून पोटाकडची बाजू पाहिली: सपाट पोट, आखूड शेपूट. "आजी, ही मुलगी आहे," त्या म्हणाल्या. आत्या थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग तिला अंडी घालायला माती लागली असेल. आमच्याकडे सगळी फरशी."

डॉक्टरबाईंनी माझी वही चाळली. आंबुशीपुढे मी 'क्वचित' लिहिले होते, ते खोडून त्यांनी 'या रुग्णाला नाही' असे लिहिले. केन्यापुढे बरोबरची खूण केली. त्यांच्या आवारातले गवत यंत्राने कापतात, त्यात केना-पाथरी फारशी टिकत नाही. कधी आणून देता येईल का, असे त्यांनी विचारले.

पुढच्या रविवारी मी पिशवी घेऊन गेलो. त्यांनी ती टेबलावर पालथी केली, आणि माझ्याकडे न बघता एकेक काडी मोडून पाहायला सुरुवात केली.